म्हसोबाला वळसा

आमच्या गावचा माळ घेऊन सरकारने विमानतळ बांधला. त्यात गोरक्षची सगळी जमीन गेली. बदल्यात मिळाली ड्रायव्हरची कंत्राटी नोकरी. घर चालायचं ते तेवढ्यावरच. पिवळी जीप, मागे पाटी: 'माझ्या मागे या'. वैमानिक वाट चुकला की जीप पुढे, विमान मागे.

सात समुद्र ओलांडणारे हे पठ्ठे जमिनीवर आले की धावपट्टी कुठली नि बाजूचा रस्ता कुठला यात गडबडतात. एकाने तर थेट अग्निशमनच्या शेडसमोर विमान उभं केलं आणि शिडीची वाट बघत बसला. त्यामुळे गोरक्षचा तोरा काय विचारता! पारावर म्हणायचा, "पायलट लई शिकलेला आसंल, पन वाट मीच दावतो."

त्या माळावर आमचा म्हसोबा होता. साहेबांनी शेंदरी धोंडा उचलून कुंपणाबाहेर नेला. देव हलला, गोरक्षची सवय हलली नाही. जुन्या जागेवर सिमेंटचा रस्ता झाला, तरी तिथं आला की ती जागा उजव्या हाताला ठेवून तो वळसा घ्यायचाच. छोटी विमानं निमूट मागून वळायची.

श्रावणात एक मोठं विमान आलं आणि वाट चुकलं. गोरक्ष पुढे झाला, म्हसोबाला वळसा घातला. मागच्याची चाकं रस्त्याच्या कडेच्या चिखलात रुतली.

चौकशीत पायलट म्हणाला, "मी पाटी वाचली आणि मागे गेलो." समोर रस्ता सरळ दिसत असताना का वळलास, हे त्याला कुणी विचारलं नाही.

"तू वळलास का?" साहेब गोरक्षवर खेकसले.

"म्हसोबाच्या अंगावरनं जायचं व्हय?"

"कुठंय म्हसोबा?"

"तुमीच हलवला की! पन जागा तर तितंच हाय."

साहेबांना वर हे कळवायची लाज वाटली. त्यांनी कळवलं, वळणावर खूण नव्हती. मग वरून हुकूम आला. चिखलावर सिमेंट पडलं, आणि चाकं गेली होती त्याच वळणाने पिवळा पट्टा ओढला गेला. आता लहानमोठं प्रत्येक विमान म्हसोबाला उजव्या हाताला ठेवून जातं.

पायलट दुसऱ्याच दिवशी उडून गेला. पट्टा आल्यावर जीप कशाला, म्हणून गोरक्षला घरी बसवलं. मला याचा संताप येतो. त्याची बायको छबूबाई मात्र शांतपणे म्हणाली, "देवाला वाट दिली, अन् आमाला वाटंला लावलं."