तांडेलाचं आतडं

कोकणात रेल्वे यायच्या आधीची गोष्ट. मुंबईच्या एसटीत शेजारी मिरकरवाडा बंदरातला एक तांडेल, मच्छीमार होडीचा म्होरक्या, होता. सारखी गाडी थांबवून झुडपाआड जायचा. "आतड्याला जुनी सूज हाय," तो म्हणाला.

माझ्यातला बिनपदवीचा डॉक्टर लगेच जागा झाला. "टॉनिक घ्या. प्रतिकारशक्ती वाढेल."

तो मांडी थोपटत हसला. "आणखी वाढवू? तीच चवताळून माझं आतडं सोलतेय! राखणदारच उलटलाय, भाऊ."

"मग मुंबईला कशाला?"

"अशा सुजेतून कॅन्सर होऊ शकतो. दरवर्षी नळी घालून बघतात. झालाच, तर लहान असतानाच धरायचा. सोडतो काय त्याला!"

घाटात तो पुन्हा पोट धरून उठला. कंडक्टर खेकसला, "आता नाय थांबणार!"

घंटीची दोरी मी ओढली. शिव्याही मीच खाल्ल्या.