पाळकांनी माइक ठेवला

सुखाच्या मागे धावणाऱ्या माणसाला अखेर देवाच्या दारीच विसावा मिळतो, असं आमच्या चर्चचे पाळक सांगतात. माझा मेव्हणा तिथं पोचण्याआधी बाकी बरीच दारं पाहून आला होता. त्यातल्या काही ठिकाणचं जेवण फार चांगलं होतं.

वसमतला त्याचा हळदीचा व्यापार. चर्चमध्ये यायचा तो नाताळाला, तेही केक वाटायच्या वेळी. एरवी मित्र, नवी गाडी आणि कनेरगाव नाक्यावरचे ढाबे. पण त्याची झोप उडाली. गोळ्या झाल्या, गोव्याची सहल झाली, घरात अंग रगडणारी मोठी खुर्ची आली. मग एकदा हट्टा गावाजवळ गाडी चालवताना डुलकी लागली आणि गाडी थेट कापसात शिरली. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, हादरली.

"रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना हाय. चल."

"ताई, मी काही आजारी न्हाई."

"मंग झोपून दाखव."

तो आला, अत्तर लावून. माझ्याशेजारी बसला. "दाजी, किती येळ चालतं हे?"

"देव लवकर सोडतो. पाळकांचं सांगता येत न्हाई."

आमच्या पाळकांचा माइकवर फार जीव. त्यांनी आजाऱ्यांना पुढं बोलावलं, मेव्हण्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय मागू तुझ्यासाठी?" मोंढ्याच्या बाजारात हा माणूस कुणाला बोलू देत नाही. इथं हळूच म्हणाला, "साहेब, लई थकलो." ते माइकवरून सगळ्या चर्चला ऐकू गेलं. पाळकांनी माइक खाली ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकून प्रार्थना केली.

असल्या गोष्टींवर माझा चटकन विश्वास बसत नाही. पण तो परतला तेव्हा त्याचा चेहरा रडून मोकळ्या झालेल्या लेकरासारखा होता. बसला, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि घोरू लागला.

"उठवू का?" मी विचारलं.

"हात तर लावून बघा," बायको म्हणाली.

बाकांवरून हसू पसरत गेलं. पाळकही हसले. प्रवचन त्यांनी माइकविना, हळू आवाजात केलं. गीताला ढोलकी नुसत्या बोटांनी वाजली. इतकी गोड उपासना मी आमच्या चर्चमध्ये पाहिली नव्हती.

तेव्हापासून तो रोज झोपतो. ढाब्यावर जातो, पण जेवून घरी येतो.

त्या दिवशीचं प्रवचन, प्रभू बागेत प्रार्थना करत असताना झोपी गेलेल्या आणि त्यावरून बोलणी खाल्लेल्या शिष्यांवर होतं.