डिसेंट लोकांची गादी

“तू मागं गोडाऊनमधीच थांब. काउंटरला जरा डिसेंट पोरगी लागती.”

पहिल्याच दिवशी शेठ बोलले. गिऱ्हाइकांसमोर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. मी वर डोंगरातल्या तळेघरकडची. बारावी पास. रंगानं काळी, कपाळावर गोंदण.

डिसेंट म्हणजे सभ्य, असं शाळेत शिकले होते. दुकानात निराळंच शिकले. फिका रंग डिसेंट. हळू बोलणारी बाई डिसेंट. नेहमी येणाऱ्या डॉक्टरीणबाई तर डिसेंटच, मग ढीगभर साड्या विस्कटून काही न घेता उठल्या तरी. आमच्या डोंगरातल्या बाया आल्या की शेठ काउंटरवरच्या पोरीला म्हणायचे, “यांना भडक दाखव. डिसेंट यांना कळत न्हाई.” मी मागं घड्या घालत ऐकायचे. संताप व्हायचा. गिळायचे. नोकरी टिकवायची होती, घरात दुसऱ्या कुणाला पगार नव्हता.

एका उन्हाळ्यात आई दुकानात आली. धाकटीच्या लग्नाची साडी घ्यायला. थोडं चालत, पुढं एसटीनं. पाय लाल मातीनं भरलेले. पांढऱ्या गादीच्या कडेला ती अंग चोरून टेकली.

“ओ मावशी, पायरीवर बसा. गादीवर डिसेंट लोकं बसत्यात.”

ती माझी आई आहे हे शेठना ठाऊक नव्हतं. असतं तरी तेच बोलले असते.

आई लगेच उठायला लागली. वर हसली. “बसते की पायरीव. मला काय व्हतंय.”

तिच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. तिला सवय झाली होती. मलाही लागत चालली होती.

मी गोडाऊनमधून बाहेर आले. थेट गादीवर चढले.

“आये, उठायचं न्हाई. तू गिऱ्हाईक हाय.”

डॉक्टरीणबाईंसाठी बाजूला ठेवलेली मोतिया रंगाची साडी मी तिच्यापुढं उलगडली.

शेठ ओरडले, “हे डिसेंट दिसतं का? उद्यापासनं येऊ नको.”

“येणार. कामाला न्हाई, गिऱ्हाईक म्हणून. आन गादीवरच बसणार.”

आई पाय आखडून बसली होती. मी ते हातानं धरून सरळ केले. मातीसकट.

आजही जुन्नरला गेले की त्याच दुकानात जाते. गादीवर मधोमध बसते. कुणी उठवून दाखवावं.