पळत नेलेला चेंडू

सकाळी आईच्या लुळ्या पायाचा व्यायाम करून घेताना मी टीव्ही लावून ठेवतो. आज दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशाच्या बायकांचा संघ फुटबॉल खेळत होता. दोन मिनिटं उरलेली, आणि त्यांच्यावर पाचवा गोल झाला. उरलेल्या वेळात किती गोल लागतील, याचा मी सवयीनं हिशेब केला. तो जमणारा नव्हता. तरी त्यांची कप्तान जाळ्यातला चेंडू काखेत घेऊन मैदानाच्या मध्याकडे पळत सुटली.

"हरल्यात ना ह्या?" आईनं विचारलं.

"हो. पण गोल झाला की चेंडू मध्यावर ठेवावा लागतो. नियम आहे."

"पळत न्यायचा पण नियम आहे?"

तसा नियम नाही. चालत नेला असता तरी चाललं असतं.

उन्हाळ्यापासून आईचा हा पाय तसूभर हललेला नाही. आता व्यायाम एक दिवसाआडच करू, असं मी मनाशी ठरवलं होतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

सामना संपला. कप्तान गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, पाठ वरखाली होत होती. दमलेलं माणूस कुठल्याही देशात असंच दिसत असणार.

मी आईचा पाय खाली ठेवला.

"झालं? आज कमी वाटलं रे," आई म्हणाली.

मी पाय पुन्हा उचलला.