संघमित्रा मावशीची रविवारची प्रॅक्टिस

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे आवाज मला काढता येतात, सेक्रेटरी काकांच्या खोकल्यासकट. संघमित्रा मावशीचा "हं" मात्र जमत नाही. तो ऐकला की समोरचा माणूस आणखी थोडं खरं बोलतो. मावशी मरोळला वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोनवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकते आणि "हं" म्हणते.

रविवारी चार वाजता विहाराच्या हॉलमध्ये ती काही आईबापांना घेऊन बसते. त्यांची मुलं भयंकर चिडतात, फोडतात, चावतात. तिच्या मुलाचं, मुकुलचंही लहानपणी असंच होतं. "औषध डॉक्टर देतील," ती सांगते, "मी फक्त बोलायची प्रॅक्टिस घेते." कारण मूल सांभाळताना माणूस दमतो, पण खरी वाट लागते ती आत्या, शेजारी आणि शाळा यांच्यापुढे उभं राहताना. प्रॅक्टिसला समोर कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. एका रविवारी मी तीन सासवा आणि एक रिक्षावाला केलाय.

अशाच एका रविवारी नीलमताई परब आली. सोबत सासरे, गुणाजी आजोबा. नीलमताईच्या नऊ वर्षांच्या जान्हवीनं वर्गात बाक उलटवला होता आणि बाईंच्या हाताला चावली होती. सोमवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. पोरीचा दाखला काढून न्या म्हणणार, हे उघड होतं.

"आठवीपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही," मावशी म्हणाली. "म्हणून तर त्यांना तुझ्या सहीचा अर्ज हवा असतो. चेतना, बस टेबलाच्या पलीकडे."

मी आजोबांचाच चष्मा मागून नाकाच्या शेंड्यावर चढवला. "या, मिसेस परब. जान्हवी आमची लाडकीच आहे हो. पण बाकीच्या पालकांना मी काय सांगू, ना?"

"सॉरी मॅडम."

"घरी कोणी लक्ष देत नाही का?"

"सॉरी मॅडम."

"अगो, सॉरी कित्याक?" आजोबा मागून ओरडले. "तुझ्या हाताक चावल्याचे व्रण आसत, ते दाखव तिका!"

"आजोबा, तुम्ही आत्ता शाळेत नाही आहात," मावशी म्हणाली.

"बरा बरा, गप रवतंय," म्हणाले, आणि पुटपुटत राहिले.

मला चेव आला. वहीचं कोरं पान पुढे सरकवलं, पेन दिलं आणि आवाजात साखर घोळली. "हे जान्हवीच्याच भल्यासाठी आहे. इथे सही करा."

नीलमताईनं सही केली. आडनावासकट, खाली रेघ ओढून.

मला हसायचं होतं. हसू येईना. नीलमताई आपल्याच सहीकडे बघत होती. "हे खोटं होतं ना गं?"

मावशीनं वही ओढून घेतली. "मी खऱ्या कागदावर केली होती. मुकुल तिसरीत होता. बाई इतक्या गोड बोलल्या की निघताना मीच त्यांना थँक्यू म्हटलं. दुसरी शाळा घेईना. दोन वर्षं तो दारात बसून बाकीच्या पोरांना शाळेत जाताना बघायचा." आता मुकुल लेथ मशीन चालवतो, डबा नेतो, बरा आहे. ती दोन वर्षं कोणी परत दिली नाहीत. "चल, पुन्हा. चेतना, अजून गोड बोल."

अकरा वेळा केलं. सातव्यांदाही नीलमताईचा हात पेनाकडे गेला. नवव्यांदा तो मांडीवर राहिला. पण तोंडातून निघालं, "विचार करून सांगते."

"विचार झालाय ना तुझा? मग काय पाहिजे ते सांग," मावशी म्हणाली.

"मला जान्हवी याच शाळेत ठेवायचीय," नीलमताई भिंतीकडे बघत म्हणाली. "राग आला की तिला दहा मिनिटं बाजूला बसू द्या. डॉक्टरांचं पत्र आणलंय."

"आता भिंतीला नको, मॅडमना सांग."

सोमवारी मावशी रजा टाकून नीलमताईसोबत शाळेपर्यंत गेली. मात्र गेटबाहेरच थांबली. आत आईच जाणार, हा तिचा नियम. संध्याकाळी मी नीलमताईला गाठलं. "मॅडम कशा बोलतात गं? करून दाखव ना."

"लक्षातच नाही. पेन दिलं, ते मी टेबलावर ठेवलं. पत्र दिलं. जान्हवी जाणार नाही म्हटलं. मग त्या बराच वेळ बोलत होत्या."

दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं होतं. अट एकच: शाळेतून फोन आला की घरच्या माणसानं अर्ध्या तासात पोचायचं. नीलमताईची नोकरी वांद्र्याला, तिच्या नवऱ्याची, नितेशदादाची त्याहून लांब. अर्ध्या तासात दोघांपैकी कोणी वाटेतलं कुर्लासुद्धा गाठत नाही.

"मी आसंय मा!" आजोबांनी छाती ठोकली. "माझी नात माझा ऐकता."

पुढच्या रविवारी मावशीनं त्यांना टेबलासमोर बसवलं. मी पलीकडे. "या आजोबा," मी म्हटलं, "तुमच्या नातीनं आज पुन्हा बाक उलटवला."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घसा खाकरला. माझ्याकडे, मग सुनेकडे बघितलं. टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मी त्यांना शब्द सुचवणार, तोच मावशीनं मला नजरेनंच थांबवलं, आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.