भरलेली घागर

ओल्या सुंभाचा वास आला की म्हैसूरची आमची विहीर आठवते. महाराजांचं राज्य होतं, घरात नळ नव्हते. कॉलेजात जाणारा काका दोराच्या वेटोळ्यात पुस्तक ठेवून कठड्यावर बसला होता आणि मला शिकवत होता, "घागर वर ओढली की ते काम तिच्यात साठून राहतं. नुसतं धरून उभं राहणं मात्र काम नव्हे."

घागर टेकवायच्या जागीच तो बसला होता. भरलेली घागर दोराने वर तोलून धरत आई केव्हाची उभी होती.

"अय्यो, हे काम नव्हे? मग सोडते!"

कप्पी किंचाळली. घागर कोसळली आणि दोराबरोबर पुस्तकही विहिरीत गेलं. तेव्हा मी घाबरून रडले. आता आठवलं की मान ताठ होते.

आईने लाल झालेले तळवे पदराला पुसले. "आता दोन्ही वर काढा, भावजी. तेवढंच काम होईल."