एकास तीन पाणी

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला वायपरची जोडी दाखवत होतो. फोन ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, "शेट, ही नको, जरा लांब दाखवा." मी लांब दाखवली. पसंत पडली, कागदात गुंडाळून दिली, आणि गिऱ्हाईक पायरी उतरल्यावर दुकानाचं शटर ओढलं. दोनच दिवसांपूर्वी अशोक त्याच पायरीवर उभा राहून माझ्या शर्टाकडे बघत म्हणाला होता, "कांती, इस्त्रीवाला बदल राव. तुज्या कॉलरीला काय राम न्हाई राह्यला." मी काहीतरी चिडून बोललो, तो हसत निघून गेला. फोन आला त्या सकाळी जेवून उठला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. याला आता पाच आठवडे झाले…

मंचरला आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, त्यांनी किराणा केला, वडिलांनी किराण्याचं स्पेअर पार्ट केलं, मी तेच पुढे चालवतो. अशोक मूळचा लोणीचा. तरुणपणी पुण्याला एका मोठ्या गॅरेजात होता, साहेब लोकांच्या गाड्या आतून-बाहेरून साफ करायच्या कामावर. नव्वदीच्या सुरुवातीला तो परत आला आणि घोडेगाव रस्त्याला पत्र्याची शेड टाकून त्यानं वॉशिंग सेंटर काढलं. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आला आणि पुण्याहून एक पांढरं पॉलिश मागवून द्यायला सांगितलं. टायर, बंपर, डॅशबोर्ड, रेक्झिनच्या सीटा, सगळ्याला एकच, फक्त पाण्याचं माप वेगळं. आमच्याकडे तोवर टायर चमकवायचे म्हणजे जळकं ऑइल नाहीतर रॉकेलचा बोळा. मी म्हटलं, हे महागाचं कोण लावून घेणार? तो म्हणाला, "तू आन तर खरं. लावून घेतल्याबिगर कळायचं कसं?"

पाच लिटरचा कॅन आला. आत दुधासारखं पांढरं, थोडं जाड. अशोकनं दोन-तीन दिवस नुसतं माप बसवलं. टायरला निम्मं पाणी, बाहेरच्या काळ्या पट्ट्यांना नि बंपरला त्याहून जास्त, आणि गाडीच्या आत एकास तीन पाणी. जुन्या बनियनच्या घडीवर घ्यायचं, चोळायचं, चहा पिण्याइतका वेळ थांबायचं आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. लावायला जेवढा वेळ त्याच्या चौपट पुसायला. त्यानंतर डॅशबोर्ड चकाकायचा नाही. नव्या गाडीचा असतो तसा काळा, शांत दिसायचा, हात फिरवला तर हाताला काही लागायचं नाही. स्टिअरिंगला, पायातल्या पॅडलांना आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला तो त्या पॉलिशचा, त्याच्या भाषेत औषधाचा, थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही.

आतलं काम झालं की त्याची एक परीक्षा असायची, आणि त्या परीक्षेचा कागद म्हणजे मी. आमच्या घरात पांढरा लेंगा-शर्ट घालायची पद्धत. अशोक शेडमधून दुकानात निरोप धाडायचा, मी जायचो, आणि तो गाडीचं दार उघडून म्हणायचा, "बस." मी सीटवर बसायचो, इकडून तिकडे सरकायचो, कोपर दाराला घासायचो. खाली उतरलो की तो मला गोल फिरवून पाठीमागून नीट बघायचा. येणारे-जाणारे हसायचे. डाग नसला की गाडी मालकाच्या ताब्यात. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या गाडीनं माझा एकही लेंगा खराब केला नाही. घरात लेंगे धुणारी माझी बायको मात्र त्याच्यावर मनातून कधीच विश्वास ठेवत नव्हती.

आता खरी अडचण सांगतो. आमचा सगळा मुलूख दुधाचा. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर डिग्री लावून दुधातलं पाणी तपासून घेणारी माणसं. पांढऱ्या पातळ वस्तूत कुणी पाणी ओतलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप कमरेवर जातो. आणि अशोक पाणी लपून घालत नव्हता, गिऱ्हाइकासमोर मापानं घालायचा. "अशोकराव, डिग्री लावायची का?" ही थट्टा रोजची झाली. तो ऐकून घ्यायचा आणि सांगायचा, "रबार पितंय तेवढंच द्यायचं भाऊ. वर उरलं की ते धुरळा खातंय." काहींना पटायचं. बाकीच्यांना टायर आरशासारखे हवे असायचे. गाडी शेडमधून बाहेर पडली की गावानं बघितलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी.

थट्टा अशोकपुरती होती तोवर मीही हसत होतो. एका वर्षी, नवरात्रातच, दुकानात चार माणसं उभी असताना एकजण म्हणाला, "अशोकचा काय दोष? शेटनंच आधी पाणी घालून दिलं असंल. ह्यांच्यात चालतंच ते." वडील गल्ल्यावर बसले होते. माणसं गेल्यावर मला म्हणाले, "चाळीस वर्षं या गावात तराजू धरला. अजून हेच ऐकायचं का?" त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत. मी तडक शेडवर गेलो आणि अशोकला म्हटलं, हे पाणी घालणं बंद कर. त्यानं शांतपणे विचारलं, "तुजं नाव खराब व्हतं म्हनून लोकांची गाडी खराब करू व्हय?" मी तणतणत परत आलो. मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता की आज लिहितानाही हाताला आठवतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गाड्यांची पूजा, त्यामुळे शेडसमोर जीपांची रांग. अशोक स्वतः प्रेशरच्या पाण्यावर होता, पॉलिशला त्यानं त्या दिवसापुरती दोन माणसं लावली होती. आतल्या कामाचं एकास तीन त्यानं सकाळीच एका कॅनमध्ये करून ठेवलं होतं, झाकणावर खडूची फुली मारून. दुपारी तो शेडमागच्या आपल्या घरात जेवायला गेला, ती माणसंही हात धुवायला गेली. मी तिथंच होतो. मी तो कॅन मोरीत उपडा केला आणि नव्या कॅनमधलं बिनपाण्याचं औषध त्यात ओतलं. दोन मिनिटांचं काम. मनात एवढंच होतं की एकदा लोकांनी चमक बघावी आणि वडिलांसमोर तोंड उघडू नये.

चमक लोकांनी बघितली. संध्याकाळपर्यंत वाहवा चालली होती. दसऱ्याच्या सकाळी पहिली तक्रार निमगाव साव्याच्या एका गुरुजींची आली: गाडीत बसताना बायकोच्या नव्या साडीला तेलकट पट्टा आणि गावात पोहोचेपर्यंत डॅशबोर्डावर पिठासारखा धुरळा. एका जीपमधले प्रवासी वळणावर घसरून एकमेकांच्या मांडीवर जात होते, त्यावर लोक हसले. मग डिंभ्याच्या बाळूची बातमी आली. एसटीचा भरवसा नसल्यामुळे अर्धं डिंभे त्याच्या जीपमधून बाजाराला यायचं. बिनपाण्याचं औषध वाळत नाही. उन्हानं पातळ झालं, स्टिअरिंगच्या खालच्या पत्र्यावरून ओघळलं आणि ब्रेकच्या पॅडलवर आलं. उतारावर बाळूचा पाय सटकला. जीप रस्ता सोडून शेतात गेली आणि बांधाला अडकली. सगळे वाचले, पण ठकूबाई म्हणून एका म्हातारीचं मनगट मोडलं.

बाळू शेडवर आला तेव्हा त्याच्याबरोबर आठ-दहा माणसं होती. मीही होतो, अशोकपासून दोन हातांवर. बाळू ओरडत होता. अशोकनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माप माज्या हातनं चुकलं. माफी करा." बस. मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंही होतं बहुतेक. पण गर्दीत तो परवाचा टोमणा मारणारा उभा होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर गल्ल्यावरचे वडील आले… मी बोललो नाही. त्यानंतर कितीतरी दिवस शेडवर एक जीप चढली नाही. अशोक सायकली धुवायचा, ट्रॅक्टर धुवायचा. शेटनं पाणी घातलं असं मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही, कारण दोष कुणाचा ते गावाला कळलं होतं.

ठकूबाईचा हात प्लास्टरमध्ये होता तोवर दर रविवारी अशोक आपल्या एम-एटी गाडीवरून डिंभ्याला जायचा आणि मला मागे बसवून न्यायचा. मी एकदाही नाही म्हटलं नाही. म्हातारी मोठी खट्याळ. धरणातले मासे शिजलेले असायचे, ती ताट पुढे करायची. अशोक म्हणायचा, "आजे, ह्यो शेट हाय, ह्याला वासानंच चक्कर येती. ह्याला च्या दे." ती एका हातानं चहा करायची आणि म्हणायची, "घसरलं तर घसरलं रं बाबा, तू काय मुद्दाम केलंस?" तो मान खाली घालून जेवायचा. येताना रस्ता मोकळा असायचा, वारा असायचा, त्याची पाठ माझ्यासमोर असायची. पाठीला सांगणं तोंडाला सांगण्यापेक्षा सोपं असतं असं मला तेव्हा वाटायचं, तरी जमलं नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हणता म्हणता ठकूबाईचं प्लास्टर निघालं.

हळूहळू गाड्या परत आल्या. काम चोख असलं की माणसं किती दिवस रुसणार? इंडिका आल्या, सुमो आल्या, बाहेरगावची गिऱ्हाइकंही त्याचं नाव विचारत येऊ लागली. वडील त्यांचा तराजू स्वच्छ ठेवूनच गेले. रोज संध्याकाळी शेडवर खुर्च्या टाकून आम्ही दोघं म्हातारपणाच्या गप्पा मारायला लागलो होतो. बारा वर्षं गेली. माझ्या मनातली ती गोष्ट गेली नाही, पण तिच्यासकट जगायची सवय झाली होती. तो समोर होता ना! समोर असलेल्या माणसाला काय, उद्याही सांगता येतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शोकसभेच्या, दिवशी अशोकच्या घरासमोर मांडव होता. बुद्धवंदना झाली, मग दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी म्हणालो, अशोक हाताचा चोख माणूस होता. पहिल्याच वाक्याला मागून बाळूचा आवाज आला. तो शेजारच्याला सांगत होता, आणि चांगल्या मनानंच सांगत होता, "एकदाच चुकला गडी. पर कबूल केलं त्यानं." माझं पुढचं भाषण मला आठवत नाही.

माणसं पांगल्यावर मी सुमनवहिनींना, अशोकच्या बायकोला, बाजूला घेतलं आणि सांगितलं. कॅन, मोरी, सगळं. रडलो असेन. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना ठावं व्हतं, भाऊ."

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या दुपारीच. कॅनात बोट बुडवलं नि म्हनले, ह्ये कांतीचं काम हाय."

"मग बोलला का नाही?"

"मी बी तेच म्हनलं. लई भांडले त्या दिशी. तर म्हनले, त्याच्या बापाच्या समोर कसं सांगू? त्याचं त्यो सांगल." वहिनींनी पदर सारखा केला. "तुमी सांजच्याला आलात, की मला म्हनायचे, तू जरा आत जा. च्या लगीच आनू नगं. मला वाटायचं, पुरुषांच्या गप्पा असत्यात. एकदा इचारलं, तर म्हनले, तुज्यासमोर त्याला लाज वाटंल, म्हनून."

मला चहा उशिरा मिळायचा हे खरं होतं. मी त्यावरून वहिनींची थट्टाही करायचो. बारा वर्षं रोज संध्याकाळी अशोक माझ्यासमोर गप्प बसून मला वेळ देत होता आणि मी कांद्याच्या भावावर बोलत होतो. त्यानं एकदा खडसावलं असतं, एक शिवी दिली असती, तर मी त्याच्या पाया पडलो असतो. मला आज ती शिवी हवी आहे. मला अशोक हवा आहे, दुसरं काही नको. हे वर्तमानपत्रात लिहितो आहे ते बाळूनं वाचावं, गुरुजींनी वाचावं, मंचरच्या बाजारात मोठ्यानं वाचलं जावं म्हणून: माप अशोकचं चुकलं नव्हतं.

मी अजून संध्याकाळी शेडवर जातो. घरी बसवत नाही. परवा गेलो तेव्हा गाड्या धुवायचा रॅम्प कोरडा होता, वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघितल्यावर त्या ताट घेऊन आत गेल्या. मी माझ्या खुर्चीत बसलो. चहा यायला बराच वेळ होता. "अशोक, ते मी केलं," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. मग समोरच्या खुर्चीकडे बघत, चहा येईपर्यंत बसून राहिलो.